एका व्होल्टचं सप्तक

'नागिन'मधली बीन ही बीन नाही, असं मी आमच्या ऑर्केस्ट्रातल्या ढोलकीवाल्याला सांगितलं तेव्हा त्याने मला वेड्यात काढलं. त्याचंही बरोबर आहे. १९५४ सालच्या त्या चित्रपटातली धून आज सत्तर वर्षांनंतरही छत्रपती संभाजीनगरच्या वरातीत वाजतेच वाजते. क्रांती चौक असो की टीव्ही सेंटर, बँडच्या गाडीवरच्या कीबोर्डवाल्याने ती छेडली की नवरदेवाचा एखादा मित्र तोंडात रुमाल धरून डांबरी रस्त्यावर लोळण घेणारच. ती आपल्या कानात इतकी मुरली आहे की खरा गारुडी येऊन पुंगी फुंकायला लागला, तर लोक म्हणतील याला वाजवता येत नाही.

पण त्या रेकॉर्डवर पुंगी नाहीच. चित्रपटाचं संगीत हेमंतकुमारांचं. गिरगावात किराणा दुकान चालवणाऱ्या कच्छी कुटुंबातले कल्याणजी वीरजी शहा तेव्हा वादक म्हणून काम करत. कल्याणजी-आनंदजी ही जोडी पुढची. त्यांनी ती बीन क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवली. जोडीला हार्मोनियमवर रवी होते, तेही पुढे संगीतकार म्हणून गाजले. क्लॅव्हियोलिन हे कॉन्स्टँट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ मध्ये तयार केलेलं वाद्य. तीन सप्तकांची छोटी पट्टी, आत व्हॉल्व्ह, एका वेळी एकच सूर, आणि सुराचा पोत बदलायला समोर खटक्यांची रांग. खटक्यांच्या वेगवेगळ्या जोड्या लावून वेगवेगळ्या वाद्यांचा भास निर्माण करायचा, अशी त्याची योजना. आपल्या गारुड्याची पुंगी काही त्या फ्रेंच माणसाच्या डोळ्यांपुढे नसणार. तो सूर कल्याणजींनी त्यातून काढला.

मी दिवसा वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम पाहतो. दाब, तापमान, प्रवाह, जे मोजायचं असेल त्याचा चार ते वीस मिलिअँपिअरचा सिग्नल करायचा आणि कंट्रोल रूमला पाठवायचा, हा माझा धंदा. लग्नसराईत आणि गणपती-नवरात्रात कीबोर्ड वाजवतो, हा जोडधंदा. तिसरी गोष्ट धंद्यात मोडत नाही. भाच्याने पुण्याहून आणून दिलेल्या एका अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमधून मी सनई काढायच्या मागे लागलोय. बायकोच्या मते याला औषध नाही.

लोक विचारतात, अहो, कीबोर्डमध्ये सनईचं बटण असताना ही उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. भारतासाठी काढलेल्या यामाहा-रोलंडच्या कीबोर्डांत सनई, बासरी, तबला, ढोलक सगळं तयार मिळतं. पण ते ध्वनिमुद्रण असतं. कुठल्या तरी स्टुडिओत कुणी तरी सनईवाल्याने सूर फुंकले, ते चिपमध्ये साठवले. मी पट्टी दाबली की त्या माणसाची तीच फुंकर पुन्हा वाजते. दर वेळी तीच. जुन्या मशीनवर आणखी एक गंमत असायची. एकच मुद्रण वर-खाली ओढून पाच-सात सूर भागवलेले असत, त्यामुळे वरच्या सुरांकडे गेलं की वाजवणाऱ्याचा कंपही घाईत यायचा आणि खाली आलं की रेंगाळायचा. मांडवात हे खपून जातं. अक्षता पडताना सनईकडे कान देऊन कोण बसतंय? पण वर्षानुवर्षं ते बटण दाबून मला एक कळत नव्हतं, की सनई ही सनई वाटते ती नेमकी कशामुळे. बटणाला ते माहीत असायची गरज नसते. अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमध्ये मात्र एकही मुद्रण नसतं. तिथे सनई हवी असेल तर ती कशाची बनते हे आधी आपल्याला कळावं लागतं.

हे यंत्र चालतं कसं, ते थोडं सांगतो. कुठलाही सूर एकटा नसतो. २२० हर्ट्झचा सूर लावला तर त्याच्यासोबत ४४०, ६६०, ८८० असे त्याच्या पटीतले बारीक सूर वाजत असतात. त्यांना उपस्वर म्हणतात. पेटी आणि बासरी एकाच पट्टीत वाजली तरी वेगळी कळते, याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांच्यातले कुठले उपस्वर जोरात आहेत आणि कुठले दबलेले. आता वेरूळचं कैलास लेणं आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही माहीत असतं: वरून खाली डोंगर फोडत गेले, नको तो दगड काढला, उरलं ते मंदिर. अ‍ॅनालॉग सिंथेसायझरची रीत हीच. आधी उपस्वरांनी गच्च भरलेला कर्कश, कच्चा सूर घ्यायचा आणि त्यातलं नको ते कापत जायचं.

कच्चा सूर देतो तो ऑसिलेटर. कापतो तो फिल्टर. आवाज किती मोठा, कधी चढणार, कधी उतरणार हे पाहतो तो अ‍ॅम्प्लिफायर. या तिघांना हुकूम सोडतात ती एन्व्हलप जनरेटर नावाची सर्किटं. पट्टी दाबल्यावर आवाज किती वेळात चढावा, चढून थोडा कुठे बसावा, तिथे किती राहावा, बोट उचलल्यावर किती वेळात विझावा, हे चार आकडे त्यांच्याकडे असतात. सगळा कारभार व्होल्टेजवर. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सोबतीने १९६४ मध्ये ही मांडणी उभी केली, आणि १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी मूगवर वाजवलेलं बाखचं संगीत इतकं खपलं की या खोक्यातून खरोखर संगीत निघतं हे जगाने मान्य केलं. माझ्याकडे आहे तो कॉर्ग कंपनीचा एमएस-२० मिनी. मूळ यंत्र १९७८ चं, हा २०१३ मध्ये त्यांनीच काढलेला लहान अवतार. एका वेळी एकच सूर वाजतो. उजव्या अंगाला भोकांचा फलक, त्यात वायरी खोचून कुठलं व्होल्टेज कुठे न्यायचं ते आपण ठरवायचं. कारखान्यात सिग्नलच्या वायरींची जोडणी होते त्या मार्शलिंग पॅनेलसमोर आयुष्य काढलेल्या माणसाला हे घरचंच.

कच्च्या सुराचे आकार सीआरओच्या, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बघण्यात वेगळीच मजा आहे. करवतीच्या दात्यांचा आकार दिसला की त्यात सगळे उपस्वर आहेत. चौकोनी खांब दिसले तर फक्त एक, तीन, पाच, सात असे विषम. खांब बारीक करत नेले की आवाज नाकातून यायला लागतो. हे आकार कुणी मनाने काढलेले नाहीत, वाद्यांत ते सापडतात. व्हायोलिनवर गज फिरतो तेव्हा तार करवतीच्या आकारात हलते, हे जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात पाहून ठेवलं होतं. बँडमधली क्लॅरिनेट घ्या. एका टोकाला बंद, सरळ नळी. तिच्या खालच्या सुरांत विषम उपस्वरांचंच राज्य. म्हणून चौकोनी लहर घेतली आणि फिल्टर थोडा मिटला की क्लॅरिनेटच्या जवळ पोचायला पाच मिनिटं पुरतात. शिकणाऱ्याने सुरुवात इथून करावी. लगेच काहीतरी हाती लागतं, हुरूप येतो.

आणि पुंगी? तिला मी खूप घाबरून होतो, पण ती निघाली सगळ्यांत सोपी. कारण तिच्या बांधणीत आहे. भोपळ्यात दोन नळ्या बसवलेल्या असतात. एकीला भोकं, तिच्यावर धून. दुसरी अखंड एकच सूर धरते. दोन्हींच्या पत्त्या भोपळ्याच्या आत. म्हणजे वाजवणाऱ्याचे ओठ आणि जीभ पत्तीपर्यंत पोचतच नाहीत. तो गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे आवाज तुटत नाही, लहान-मोठा होत नाही, सूर सुरू होतानाही त्यावर जिभेचा ठोका नसतो. उरतात फक्त बोटं. एक अखंड हवेचा झोत, न बदलणारा पोत आणि एकातून दुसऱ्यात घसरणारे सूर, हे वर्णन पुंगीचं आहे की क्लॅव्हियोलिनचं? दोघांचं. बारीक खांबांची लहर, फिल्टरचं शिखर (कापायच्या सीमेवरचे सूर तो जिथे उठावदार करतो ती जागा) जरा वर, पोर्टामेंटो थोडा (म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय), एक बोट उचलायच्या आत दुसरं टेकवायचं, आणि खाली पेटीवर एक सूर धरायचा. पहिल्याच रात्री शेजारच्या पोरांनी खिडकीखाली नाच सुरू केला. कल्याणजींचा कान मोठा होता तो इथे. त्यांनी असं वाद्य हेरलं, की ज्याचा स्वभावच यंत्राशी जुळत होता.

सनई तशी नाही. तिची पत्ती वाजवणाऱ्याच्या ओठांत असते. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आमच्याकडे लग्नांत सनई वाजवणारे एक अण्णा आहेत, हर्सूलकडे राहतात. सत्तरी गाठलेली, दम अजून शाबूत. त्यांना मी घरी बोलावलं, माइक लावला आणि त्यांचा षड्ज सीआरओवर पाहिला. कीबोर्डमधली सनई पडद्यावर एका जागी उभी राहते. अण्णांची लहर ट्रिगर कितीही नीट लावला तरी थांबेना. दम किंचित वाढला की बारीक दाते उठायचे, कमी झाला की बुजायचे. कारण सनईत दमाबरोबर आवाज फक्त मोठा होत नाही, उजळतो. पितळी वाद्यांच्या बाबतीत हीच गोष्ट जाँ-क्लॉद रिसे या फ्रेंच शास्त्रज्ञ-संगीतकाराने १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये संगणकावर ट्रम्पेटचे सूर तपासताना दाखवून दिली होती. आवाज चढतो तसे वरचे उपस्वर अधिक वेगाने चढतात. तेवढं एक पाळलं की ऐकणाऱ्याला ट्रम्पेट ऐकू येतो, बाकी बारकावे चुकले तरी. अ‍ॅनालॉगवर हे करायचं म्हणजे जे एन्व्हलप आवाज उघडतं त्याचीच वायर फिल्टरलाही द्यायची. आवाज वाढला की फिल्टर उघडला. एवढ्या एका जोडणीने माझ्या मशीनमधला बेंगरूळ भोंगा वाद्य वाटायला लागला.

पोताचं गणित त्यामानाने लवकर जमतं. सनईची नळी खाली रुंदावत जाते, त्यामुळे क्लॅरिनेटसारखे सम उपस्वर गायब होत नाहीत, सगळे हजर असतात. मूळ सुरापेक्षा वरच्या काही उपस्वरांचा जोर जास्त, म्हणून ती लांबून टोचते. एमएस-२० मध्ये दोन फिल्टर एकामागे एक आहेत. एक खालचं कापतो, दुसरा वरचं. पहिल्या ऑसिलेटरवर बारीक खांब, दुसऱ्यावर हळू आवाजात करवत, दोघांत केसभर बेसूर. मग खालचं कापणारा फिल्टर चढवत न्यायचा, आवाजातलं पोट निघून जाईपर्यंत, आणि वरचं कापणाऱ्याचं शिखर जिथे नाकातला सूर सापडेल तिथे थांबवायचं. धरून ठेवलेला एकच सूर ऐकवला तर अनोळखी माणूस सनई म्हणतो. इथे मी खूश होतो. मग दोन सूर वाजवले की तोच माणूस म्हणतो, कुठलंसं हॉर्न आहे का?

का, ते समजायला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. वाद्यांचे सूर मुद्रित करायचे आणि प्रत्येकाची सुरुवात कापून टाकायची, फक्त मधला स्थिर भाग ऐकवायचा. जर्मनीत कार्ल श्टुम्फ यांनी १९२६ मध्ये या प्रकारचं काम प्रसिद्ध केलं. पुढे १९६४ मध्ये अमेरिकेत साल्दान्या आणि कोर्सो यांनी टेपवर कापाकापी करून तपासलं. मुरलेले वादकही चुकतात. मी हा प्रयोग मोबाइलवर आमच्या ऑर्केस्ट्रातल्या मंडळींवर केला. पेटीला सनई, सनईला ट्रम्पेट, असे निकाल आले आणि थोडी भांडणं झाली. एक बुजुर्ग क्लॅरिनेटवाले स्वतःचाच सूर ओळखेनात म्हणून चहा न पिताच उठले. आपण वाद्य ओळखतो ते मुख्यतः सूर सुरू होण्याच्या त्या निमिषात, आणि दोन सुरांच्या मधे जे घडतं त्यावरून. मधला, छान धरलेला भाग कानाला फारशी ओळख देत नाही.

अण्णांच्या सुराची सुरुवात मी मुद्रण ताणून, हळू करून ऐकली. आधी हवेची बारीक फस्स, मग पत्ती पकडते तेव्हा सूर किंचित खाली असतो, लगेच वर येऊन जागेवर बसतो. कंप ताबडतोब येत नाही. सूर स्थिरावल्यावर येतो, आधी सावकाश, मग मोकळा. पैकी फस्स काढायला नॉइज जनरेटर आहे, त्याला अगदी छोटं एन्व्हलप द्यायचं. उशिरा येणाऱ्या कंपासाठी फलकावर जोडणी करावी लागते: कंपाचं व्होल्टेज थेट ऑसिलेटरला न देता एमव्हीसीए नावाच्या छोट्या दारातून न्यायचं, आणि ते दार पहिल्या एन्व्हलपने हळूहळू उघडायचं. सूर खालून वर आणायला डाव्या हाताशी चाक आहे. उजवा हात पट्टीवर, डावा चाकावर. मशीनवर सनई वाजवताना दोन हात पुरत नाहीत आणि अण्णा तेच काम दोन ओठांनी करतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, हा याहून मोठा विषय. मूगच्या पद्धतीत एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक. षड्जाला दोन व्होल्ट असतील तर तार षड्जाला तीन. त्याचे बारा भाग केले की एका स्वराला साधारण ८३ मिलिव्होल्ट. (माझ्या कॉर्गची रीत वेगळी, तिथे दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट होतं, पण समजायला मूगची सोपी.) माझ्यासारख्याला या आकड्याने भारून टाकलं. आपण ज्याला कोमल गंधार जरा उतरलेला म्हणतो, तो उतार मीटरवर वाचता येतो. पण कीबोर्डची पट्टी या व्होल्टेजच्या पायऱ्या करते. आणि पायऱ्यांवर आपल्या संगीताचा पूर्वीपासून राग आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं आणि ते तीस वर्षं बंद ठेवलं, त्यामागे पेटीवर मींड निघत नाही हे एक कारण होतंच. सिंथेसायझर या बाबतीत पेटीच्या पुढे आहे, कारण व्होल्टेजला पायरीवर थांबायची सक्ती नाही. पट्टीऐवजी ताणलेली रेझिस्टन्स वायर लावली आणि तिच्यावर बोट फिरवलं तरी ऑसिलेटर मुकाट्याने मागे येतो. पोर्टामेंटोचा नॉब फिरवला की मींड आलीच, असं मात्र नाही. नॉबची मींड दर वेळी एकाच चालीने जाते. अण्णा धैवतावरून पंचमावर येताना आधी रेंगाळतात आणि शेवटी पटकन पडतात. निषादाकडे जाताना उलट.

मी त्यांना माझी सनई ऐकवली तेव्हा ते बराच वेळ ऐकत राहिले. मला वाटलं, आता शाबासकी. म्हणाले, "मास्तर, सूर झाक लागलाय. पर ह्यो वाजवणारा मेला तरी वाजवीतच राहील की."

चेष्टा होती, पण तांत्रिक तक्रार म्हणून ती अचूक होती. माझा सूर थकत नव्हता. लांब सुराच्या शेवटी दम कमी पडतो, पोत बुजतो, सूर केसभर उतरतो आणि वाजवणारा तो ओठ आवळून सावरतो. ते काही मी केलं नव्हतं. मग पायाशी एक पेडल आणून जोडलं. दाब वाढवला की आवाज आणि फिल्टर दोन्ही उघडतात, सोडला की दोन्ही मिटतात. आता दम माझ्या पायात आहे. पुष्कळ फरक पडला. अण्णांचं मत बदललं नाही.

दुसऱ्या टोकाला तानपुरा. तो या यंत्रावर काढताना मला चंद्रशेखर वेंकट रामन यांचा लेख आठवत असतो. नोबेलच्या कितीतरी आधी, १९२१ च्या सुमारास, रामन तानपुरा आणि वीणेच्या घोडीकडे बघत बसले होते. पुस्तकी नियम असा, की तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू पडतो तो ऐकूच यायला नको. तानपुऱ्यात तो खणखणीत ऐकू येतो. रामन यांनी हे घोडीच्या पसरट, वक्र माथ्याचं काम असल्याचं सांगितलं. तार तिला सतत घासून-सोडून जाते. खालचा जिवारीचा दोरा ते नेमकं जमवतो. मिरजेच्या कारागिरांना हे हाताने कधीचंच ठाऊक होतं. परिणाम असा, की एकदा छेडलेल्या तारेतून उपस्वर एकेक करून पुढे येतात आणि मागे जातात. सिंथेसायझरवर करवतीची लहर घ्या, फिल्टरचं शिखर तीक्ष्ण करा आणि तो अगदी सावकाश खाली सरकू द्या. शिखर ज्या उपस्वरावरून जाईल तो चमकेल. डोळे मिटले तर मिरज जवळ येते.

तालवाद्यांत मी फार वेळ घातलेला नाही. डग्ग्याचा घिस्सा निघतो, कारण तिथे ठोक्यानंतर सूर वर चढतो आणि एन्व्हलपने ऑसिलेटर वर ओढणं सोपं आहे. तबल्याची चाट निघत नाही. रामन यांनीच दाखवलं होतं की शाईच्या वजनामुळे तबला-मृदंगाच्या कातड्यातून तारेसारखे पटीतले उपस्वर निघतात, जे साध्या ढोलातून निघत नाहीत. दोन ऑसिलेटरमध्ये ते बसवताना माझी दमछाक होते. त्यापेक्षा काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ऑक्टोपॅड बरा.

नक्कल फसली म्हणून यंत्र वाया गेलं असंही होत नाही. रोलंडने १९८० मध्ये टीआर-८०८ हे ड्रमचं यंत्र काढलं, पाठोपाठ टीबी-३०३ हे बेस गिटारची जागा घेणारं. एकाचा ड्रम ड्रमसारखा नव्हता, दुसऱ्याचा बेस बेससारखा नव्हता. दोन्ही काही वर्षांतच बंद पडली. मुंबईच्या चित्रपट संगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी ही दोन्ही यंत्रं आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन १९८२ मध्ये दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने काढलेली ती रेकॉर्ड तेव्हा विस्मरणात गेली. पुढे शिकागोच्या पोरांनी तीच टाकून दिलेली ३०३ हाताशी धरून अ‍ॅसिड हाउस नावाचं संगीत उभं केलं, आणि २०१० मध्ये चरणजितजींची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या लोकांनी विचारलं, हे तुमच्याकडे आधीच कसं काय? त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग उभा करून दिला होता आणि गीता साराभाईंसारखी मंडळी त्यावर काम करत होती. तिथे मात्र कुणाला सनई काढायची नव्हती. त्यांना कुणीच न ऐकलेलं ऐकायचं होतं. मला त्या वाटेचं आकर्षण कमी. माझ्या कानाला समोर अण्णा लागतात, तुलना करायला.

ज्याला हे शिकायचं आहे त्याने महागडं यंत्र घ्यायलाच हवं असं नाही. संगणकावर चालणारे फुकट सिंथेसायझर आहेत, त्यांत ऑसिलेटर-फिल्टरच्या त्याच जोडण्या पडद्यावर करता येतात. यंत्राआधी एखाद्या वाजवणाऱ्याशी ओळख काढावी, त्याला चहा पाजावा आणि एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवायला सांगावं. तो वैतागेल. वैतागला की त्याचा सूर बदलेल, तोही मुद्रित करून ठेवावा.

अण्णांनी परवा वेगळंच काम काढलं. सनईच्या जोडीत एकजण धून वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरतो. त्यांचा सूर धरणारा पुतण्या चाकणला कंपनीत लागला, त्याला आता सुटी मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक सुरपेटी त्यांनी लावून पाहिली; त्यांच्या मते ती सनईत मिसळत नाही. "तुमच्या त्या डब्यातला न थकणारा सूर हाय ना, तेवढा द्या," म्हणाले. धून वाजवायला नालायक ठरलेली माझी सनई सूर धरायला एकदम लायक निघाली. दमाचं पेडल काढून टाकलं, कंपाची वायर काढली, फिल्टर थोडा मिटला, की ती मांडवात त्यांच्या मागे निमूट उभी राहते. येत्या तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या दोन तारखा पक्क्या झाल्या आहेत. सूर धरणाऱ्याच्या वाट्याचे पैसे मी घ्यायचे, की पुतण्याच्या घरी द्यायचे, यावर आमचं बोलणं अजून मिटलेलं नाही.